अंगण, मग कुरण

नव्या शाळांच्या आराखड्यात हल्ली ‘बाहेरचा वर्ग’ आवर्जून असतो. झाडाभोवती पार, मातीत खेळायला जागा, परसबाग. पाहून बरं वाटतं. पण आपल्याकडे उघड्यावरच्या शाळेचा सगळ्यात धाडसी प्रयोग झाला तो कुठल्याही आराखड्याविना, आणि कारण साधं होतं: मुलं शाळेत येत नव्हती.

तो प्रयोग बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचा. त्यांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघही उभा राहिला होता. साधनं हाताळत मुलांनी स्वतः शिकायचं, ही मॉन्टेसरी पद्धत ताराबाईंना मनापासून पटलेली, पण तिची साधनं महाग. खेड्यातल्या मुलांनी काय करायचं? हा प्रश्न घेऊन १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, समुद्राकाठी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. पुढे त्यांच्या सहकारी म्हणून ओळखल्या गेलेल्या अनुताई वाघही तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, तरी वस्तीतली मुलं फिरकेनात. मग बालवाडीच वस्तीत गेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी त्यानंतर. मोजायला चिंचोके आणि खडे, रचायला शंख-शिंपले, रंग ओळखायला पानंफुलं. परदेशी लाकडी साधनांनी जे साधायचं, ते आसपास पडलेल्या वस्तूंनी साधलं. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हेच अंगण आहे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. आज शहरांतल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे, १९५६-५७च्या सुमारास, काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. इथली मुलं वारली आदिवासींची. जरा मोठं झालेलं मूल घरची गुरं राखायचं. त्याला वर्गात बसवायचं तर गुरं कोण बघणार? आईबापांचा हा सवाल रास्तच होता. म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरायला सुटली की शिक्षक तिथेच जायचे आणि शाळा त्या माळावर भरायची.

आराखडा काढताना आपण आधी जागा ठरवतो आणि मुलांनी तिथे यावं असं धरून चालतो. कोसबाडला आधी पाहिलं गेलं ते मुलाचा दिवस कुठे जातो हे; वर्गाची जागा त्यावरून ठरली.