टोनी पास्टर आणि १८८१ चा निर्णय : पार्श्वभूमी

अमेरिकी वॉडव्हिलचा, म्हणजे गाणी, विनोद, कसरती अशा सुट्या आयटमांच्या रंगमंचीय खेळाचा, विषय निघाला की २४ ऑक्टोबर १८८१ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी गायक आणि नाट्यगृहमालक टोनी पास्टरने न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात बायकामुलांना सोबत घेऊन बघता येईल असा खेळ लावला, त्यात दारू नव्हती, अचकटविचकट विनोद नव्हते, आणि तिथून वॉडव्हिल सुरू झालं, असा सर्वसाधारण समज आहे. तारीख खरी आहे, पण तिच्यावर टाकलेला भार तिला पेलत नाही.

दारू आणि खेळ वेगळे करण्याची कल्पना मुळात पास्टरची नव्हतीच. एप्रिल १८६२ मध्येच न्यूयॉर्क राज्याने कायदा करून प्रेक्षागृहातल्या दारूविक्रीवर आणि पेले आणून देणाऱ्या मुलींवर बंदी घातली होती. पास्टर त्या वेळी ब्रॉडवेवरच्या अशाच एका कॉन्सर्ट सलूनमध्ये, म्हणजे दारू आणि गाणी एकत्र देणाऱ्या गुत्त्यात, गात होता. लहानपणी संग्रहालयाच्या मंचावर, मग सर्कशीत विदूषक, मग यादवी युद्धाच्या काळात देशभक्तीची आणि ताज्या घडामोडींवरची गाणी, असा त्याचा तोवरचा प्रवास. १८६५ मध्ये एका भागीदारासोबत त्याने बावरी या न्यूयॉर्कच्या बदनाम रस्त्यावर स्वतःचं नाट्यगृह उघडलं, १८७५ मध्ये ५८५ ब्रॉडवेला मुक्काम हलवला. स्त्रियांना बोलावण्याचे प्रयत्न बावरीपासूनच चालू होते : त्यांच्यासाठी दुपारचे खास खेळ, प्रवेशावर पिठाची पिंपं, कोळसा, कापड, अगदी शिवणयंत्रंसुद्धा बक्षीस. १८८१ चा कार्यक्रम म्हणजे या सोळा वर्षांच्या प्रयत्नांचा पुढचा टप्पा.

मग तो निर्णय महत्त्वाचा का? जागेमुळे. चौदावा रस्ता तेव्हा शहराच्या नाट्यव्यवसायाचा कणा होता, दुकानं आणि ऑपेरा जवळ होते. बावरीवर जायला न धजावणारं कुटुंब तिथे सहज येत होतं. आणि कुटुंबामागे दोन तिकिटं जास्त विकली जातात हे गल्ल्यावरच्या माणसाला नीतिशास्त्रापेक्षा लवकर कळतं. पास्टरच्या नीतिमत्तेचे गोडवे पुढे फार गायले गेले. त्याच्या हिशेबीपणाचं कौतुक मात्र झालं नाही, ते व्हायला हवं होतं.

तो स्वतः गायक होता याचा धंद्यात रोज उपयोग व्हायचा. मालकच कार्यक्रमपत्रिकेवर असल्यामुळे एक पगार वाचायचा, एखादा कलाकार आला नाही तर भोक बुजवायला माणूस हाताशी असायचा, आणि नव्या कलाकाराची पारख दुसऱ्याच्या शिफारशीवर अवलंबून नसायची. उन्हाळ्यात नाट्यगृहं तापायची, तेव्हा तो मंडळी घेऊन दौऱ्यावर निघायचा.

आयटमांचा क्रम लावणं हे व्यवस्थापकाचं खरं काम. त्याचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पक्के झाले. साधारण आठ-नऊ आयटम. पहिला बिनबोलका, कसरतीचा किंवा जनावरांचा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि शब्द वाया जातात. दुसरं गाणं पुढच्या पडद्यासमोरच्या सहा-सात फुटांच्या पट्टीत, म्हणजे मागे पूर्ण मंचाची मांडणी करता येते. सर्वांत मोठं नाव शेवटून दुसरं. शेवटी पुन्हा बिनबोलका, कारण लोक उठायला लागलेले असतात. पूर्ण मंच लागणारे दोन आयटम लागोपाठ आले की मध्ये रिकामा पडदा आणि गॅलरीतून शिट्ट्या. दोन गायक शेजारी आले तर दुसरा पडतो. एकच गाणं दोघांकडे असेल तर सोमवारी सकाळच्या तालमीला ज्याचे कागद वादकांकडे आधी पोचले, त्याचा हक्क. दुपारचा पहिला खेळ बघून व्यवस्थापक संध्याकाळसाठी क्रम बदलायचा.

पास्टरला मागे टाकलं ते एकाच मालकाच्या अनेक नाट्यगृहांच्या साखळ्यांनी. १८८५ मध्ये बोस्टनच्या एका मालकाने दिवसभर अखंड चालणारा खेळ सुरू केला आणि १८९३ मध्ये तो चौदाव्या रस्त्यावरच, पास्टरपासून काही अंतरावर येऊन बसला. पास्टरनेही पुढे अखंड खेळ स्वीकारला, पण अडचण वेगळीच होती. त्याच्याकडे एकच नाट्यगृह, म्हणजे कलाकाराला आठवडा-दोन आठवड्यांचं काम. साखळी सलग कित्येक आठवडे देत होती, आणि रेल्वेभाडं कलाकाराच्याच खिशातून जात असल्यामुळे सलग काम म्हणजेच कमाई. १९०६ मध्ये पूर्वेकडचं बुकिंग एका मध्यवर्ती कार्यालयात एकवटलं. ते कलाकाराच्या पगारातून ५ टक्के कापायचं, वर एजंटचे वेगळे. त्याविरुद्ध बोलणाऱ्याला काम मिळेनासं व्हायचं. १९०१ चा कलाकारांचा संप तोवर फसलेला होता.

पास्टर २६ ऑगस्ट १९०८ ला वारला, त्याच वर्षी त्याचं नाट्यगृहही हातचं गेलं होतं. नंतरच्या साखळ्यांतला नाट्यगृह-व्यवस्थापक कलाकार निवडत नसे. निवड मुख्य कार्यालय करायचं आणि तो सोमवारच्या खेळानंतर प्रत्येक आयटमवर अहवाल लिहून पाठवायचा : किती मिनिटं चालला, टाळ्या कशा पडल्या, कुठलं वाक्य कापायला लावलं.