स्पर्धात्मक कमांडर

स्पर्धात्मक कमांडर : ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील, बहुधा चौघांनी खेळायचा प्रकार. मूळ खेळ रिचर्ड गारफील्ड यांनी रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. कमांडरमध्ये डेक, म्हणजे खेळाडूने निवडलेली गड्डी, १०० पत्त्यांचा असतो. माना, म्हणजे पत्ते खेळण्याचा खर्च भागवणारी ऊर्जा, देणारे मूलभूत लँड पत्ते सोडल्यास एकाही पत्त्याची दुसरी प्रत चालत नाही. शंभरांतले एक ‘लेजेंडरी’ पात्र कमांडर म्हणून डेकबाहेर उघडे ठेवतात. त्याच्या रंगांबाहेरचा पत्ता डेकमध्ये घेता येत नाही. आरंभी प्रत्येकाचे लाइफ (प्राणांक) ४०. हौशी मंडळींचा हाच खेळ केवळ जिंकण्याच्या इराद्याने खेळला, की त्याला ‘सीईडीएच’ (कॉम्पिटिटिव्ह ईडीएच) म्हणतात.

उगम : कमांडरचे जुने नाव ‘ईडीएच’ म्हणजे ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’. यातील ‘हायलँडर’ हा शब्द प्रत्येक पत्त्याची एकच प्रत असलेल्या डेकसाठी वापरतात. एल्डर ड्रॅगन हे १९९४ च्या ‘लेजेंड्स’ या संचातील पाच त्रिरंगी पत्ते होत. प्रकाराचा जन्म अलास्कात झाला याबद्दल फारसे दुमत नाही. श्रेय सहसा अ‍ॅडम स्टेली व त्यांच्या सोबत्यांना दिले जाते आणि काळ नव्वदच्या दशकाचा मध्य मानला जातो. कल्पना मात्र सर्वस्वी त्यांची, की त्याआधी छापील लेखांतून सुचवलेल्या बहुखेळाडू प्रकारांतून घेतलेली, हा प्रश्न उरतो. दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. शेल्डन मेनरी यांच्याकडेही कधी कधी जनकत्व दिले जाते. त्यांनी हा प्रकार पंचांच्या वर्तुळात नेला आणि नियमांना स्थिर रूप दिले, एवढे म्हणणे सुरक्षित. आरंभीच्या रूपाचा एक पुरावा नियमांतच टिकून आहे. एकाच कमांडरकडून झुंजीत २१ नुकसान झाले की खेळाडू बाद होतो. पाचही ड्रॅगनांची ताकद ७ आहे, म्हणजे नेमके तीन घाव. विझार्ड्सने २०११ मध्ये तयार डेक विकायला काढले तेव्हा ‘कमांडर’ हे नाव रूढ झाले.

डावपेच : दोघांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचा एक पत्ता आपल्या एका पत्त्याने मारला की हिशेब बरोबरीचा होतो. चौघांत तसे नाही. मारणारा आणि मार खाणारा दोघेही एकेक पत्ता गमावतात, उरलेले दोघे फुकटात पुढे जातात. म्हणून जिंकायला निघालेल्याला अडवण्याचा खर्च एकाने करायचा आणि लाभ तिघांनी घ्यायचा, अशी स्थिती वारंवार येते. अडवण्याची पाळी ज्याची असेल त्याने ‘माझ्याकडे उत्तर नाही’ म्हणावे आणि पुढच्याने ते खरे मानावे की नाही, यावर अनेक डाव फिरतात. ‘ऱ्हिस्टिक स्टडी’सारखे, इतर तिघांच्या प्रत्येक खेळीवर पत्ता मिळवून देऊ शकणारे पत्ते येथे इतके मोलाचे का, हे यावरून कळते.

डेकचे स्थूलमानाने तीन वर्ग करतात. ‘टर्बो’ पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच डाव संपवू पाहतो. ‘मिडरेंज’ पत्ते साठवत योग्य क्षणाची वाट पाहतो. ‘स्टॅक्स’ सर्वांची साधने आवळतो. या शेवटच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात : ‘स्मोकस्टॅक’ या १९९८ च्या पत्त्यावरून, किंवा ‘द फोर थाउजंड डॉलर सोल्यूशन’ या जुन्या महागड्या डेकच्या आद्याक्षरांवरून. त्या डेकमध्ये स्मोकस्टॅक होताच, तेव्हा आद्याक्षरे पत्त्याच्या नावाशी मुद्दाम जुळवली असावीत.

विजयाचा सर्वपरिचित मार्ग दोन पत्त्यांचा आणि अवघ्या तीन मानाचा आहे. ‘थासाज ऑरेकल’ (२०२०) मेजावर आला की त्याचा परिणाम तपासतो : निळ्या रंगावरील निष्ठेचा अंक (मेजावरील आपल्या पत्त्यांच्या खर्चातील निळ्या चिन्हांची संख्या) डेकमधील उरलेल्या पत्त्यांइतका किंवा जास्त असेल, तर खेळणारा जिंकतो. तो परिणाम प्रलंबित असतानाच ‘डेमॉनिक कन्सल्टेशन’ खेळून डेकमध्ये नसलेल्या पत्त्याचे नाव घेतात. न सापडणारा पत्ता शोधताना सगळा डेक खेळातून बाहेर जातो. आता ऑरेकल मारूनही उपयोग नाही, कारण शून्य हे शून्याइतकेच असते. डाव रोखायचा तर आधी कन्सल्टेशन, नाहीतर तो परिणामच रद्द करावा लागतो. या जोडीआधी ‘फ्लॅश’ आणि ‘प्रोटीअन हल्क’ यांचा दबदबा होता. एप्रिल २०२० मध्ये फ्लॅशवर बंदी आली.

नियमन : स्वतंत्र नियम समितीने २३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘माना क्रिप्ट’, ‘ज्वेल्ड लोटस’, ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ व ‘नाडू’ या पत्त्यांवर बंदी घातली. त्यानंतर सदस्यांना धमक्या आल्या आणि आठवड्याभरात कारभार विझार्ड्सकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रायोगिक म्हणून जाहीर झालेल्या, डेकच्या ताकदीनुसारच्या पाच पातळ्यांत सीईडीएच पाचवी आहे. चौथ्या आणि पाचव्या पातळीत पत्त्यांवरील बंधने सारखीच आहेत. फरक केवळ खेळणाऱ्याच्या हेतूचा मानला आहे.