ऑटोक्रॉस

ऑटोक्रॉस हा घड्याळाविरुद्ध गाडी चालवण्याचा हौशी क्रीडाप्रकार आहे. मोठे डांबरी पटांगण किंवा वापरात नसलेली धावपट्टी घेऊन तिच्यावर नारिंगी रबरी शंकूंनी वळणावळणाचा मार्ग आखतात आणि एकेक गाडी सोडतात. एकाच मार्गावर दोन गाड्या शेजारी-शेजारी धावत नाहीत, त्यामुळे एकमेकांना घासण्याचा प्रश्न येत नाही. चूक झाली तर बहुधा शंकूच आडवा होतो. एक फेरी साधारण मिनिटभराची असते. प्रत्येकाला चार-पाच फेऱ्या मिळतात आणि त्यांतली सर्वांत कमी वेळेची धरतात. वेळ प्रकाशकिरणावर चालणारे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते. ब्रिटनमध्ये हाच शब्द गवताळ किंवा मातीच्या मैदानावरील शर्यतीसाठी वापरतात. अमेरिकेत मात्र तो डांबरावरच्या खेळासाठी रूढ आहे. तिथे 1944 साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या स्पर्धा ‘सोलो’ नावाने घेतो. त्याची राष्ट्रीय सोलो स्पर्धा 1973 मध्ये सुरू झाली. पुढील माहिती या डांबरी प्रकाराची आहे.

सुरुवात करायला रोजच्या वापरातली गाडी पुरते, आणि पहिले वर्षभर तीच ठेवलेली बरी. नवशिके आधी टायर, सस्पेन्शन आणि एक्झॉस्टवर पैसे घालतात. त्यात दोन तोटे आहेत. नियमांनुसार गाडी फेरफार केलेल्यांच्या वरच्या गटात ढकलली जाऊ शकते आणि मुरलेल्या चालकांशी गाठ पडते. शिवाय चिकट टायर चालकाच्या चुका झाकून टाकतात. साधा टायर घसरण्याआधी किंचाळतो, म्हणजे आगाऊ सूचना देतो. सोलोच्या ‘स्ट्रीट’ गटात टायरचा ट्रेडवेअर अंक, म्हणजे तो किती सावकाश झिजतो याचा अंक, किमान 200 लागतो. उंच, अरुंद गाड्यांना सहसा प्रवेश नसतो, कारण झटपट वळवताना त्या उलटण्याचा धोका असतो.

सकाळी तपासणी होते. डिकी, सीटखालची जागा आणि दारांचे कप्पे रिकामे करायचे. सैल पायपुसणी आणि स्टेपनीसोबतचा जॅकही बाहेर. वळणात सुटलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते, हे या काटेकोरपणामागचे कारण. तपासनीस बॅटरी हलवून पाहतो, चाकाला हात घालून बेअरिंगची ढिलाई बघतो, नट, ब्रेकचे पेडल आणि तेलाची गळती तपासतो. सीटबेल्ट आणि मान्य प्रमाणाचे हेल्मेट सक्तीचे असते. हेल्मेट बऱ्याच क्लबांकडे उसने मिळते.

मग मार्ग पायी फिरायला मिळतो, आणि नवशिक्याचा निम्मा दिवस इथेच ठरतो. गाडीतून शंकूंचे नुसते नारिंगी रान दिसते. मार्ग डोक्यात नसेल तर तो तिथे सापडत नाही. गप्पा मारत घोळक्यातून केलेल्या फेरीचा काही उपयोग नाही. एकट्याने तीनदा चालावे, आणि निदान एकदा गुडघे वाकवून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहावे. उभ्याने मोकळे वाटणारे दार, म्हणजे दोन शंकूंमधली वाट, त्या उंचीवरून शेजारच्या शंकूंत हरवते. आडवा ठेवलेला शंकू बाणासारखा असतो: त्याचे टोक ज्या उभ्या शंकूकडे, त्याच्या पलीकडून जायचे.

गाडीत बसल्यावरची चूक जवळजवळ सगळ्यांची एकच असते, नजर समोरच्या शंकूला चिकटते. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. म्हणजे पाहिलेला शंकू सेकंदभरात बंपरखाली. नागमोडी ओळीत पुढच्या शंकूपाशी पोहोचण्याआधीच स्टिअरिंग उलट फिरू लागले पाहिजे, आणि त्यासाठी डोळे दोन शंकू पुढे हवेत. ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी संपवायचा. वळणात वेगाने शिरून मग सावरणाऱ्याला जोरात गेल्यासारखे वाटते, पण घड्याळ नेमके उलटे सांगते. गिअरची चिंता नको, बरेच मार्ग दुसऱ्यातच संपतात. शेजारी अनुभवी चालक बसवायची मुभा असेल तर पहिल्याच फेरीला बसवावा. ‘बघ, बघ, पुढे बघ’ एवढेच तो ओरडत राहिला तरी दोन-तीन सेकंद वाचतात.

दंडाचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती खडूने चौकट काढलेली असते. शंकू आडवा झाला किंवा पूर्णपणे चौकटीबाहेर गेला तर सोलोत 2 सेकंद वाढतात. उभा राहून चौकटीला शिवत असेल तर माफ. दार चुकवले तर ती फेरीच धरत नाहीत. हजाराव्या भागावर निकाल लागणाऱ्या खेळात 2 सेकंद फार मोठे असतात. तरीही पहिल्या दिवशी एकही शंकू न पाडणारा बहुधा फारच सावकाश गेलेला असतो.

उरलेला वेळ काम करायचे असते. स्पर्धक पाळीपाळीने मार्गावर उभे राहतात, पडलेले शंकू धावत जाऊन चौकटीत ठेवतात, दंड वायरलेसवर कळवतात आणि मार्गात अडथळा आला तर लाल बावटा दाखवून गाडी थांबवतात. येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही आणि मोबाइल खिशात, हे दोन नियम नवशिक्याला सर्वांत आधी ऐकवतात. त्याने शक्यतो नागमोडी ओळीजवळची जागा मागून घ्यावी: अव्वल चालक कुठे ब्रेक लावतो आणि चाक कधी वळवतो, हे तिथून वीस-तीस गाड्यांत फुकट पाहायला मिळते. आपल्या फेऱ्या उरकून काम न करता निघून जाणाऱ्याचा निकाल बरेच क्लब रद्द करतात.