१४ इंची की १५.६ इंची? डोळा इंच मोजतच नाही

जून लागला की आमच्याकडे रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात ज्याच्या त्याच्या घरी ऍडमिशनची गडबड, आणि ऍडमिशन झाली की लगेच लॅपटॉपचा विषय निघतो. यंदा त्यात एका फॉरवर्डची भर पडलीय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल, की "१५ इंचापेक्षा लहान लॅपटॉप मुलांना देऊ नका, डोळ्यांचा नंबर वाढतो". आमच्या वाडीतल्या वहिनींनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, भावजी हे खरंय का, कारण मुलगा म्हणतोय १३-१४ इंची घेऊ, बॅगेत मावतो, आणि ह्यांना पाहिजे मोठा, आंब्याच्या पेट्यांचे हिशोब एक्सेलमध्ये करायचे असतात. लॅपटॉप घरात एकच येणार.

उत्तर "खरं नाही" एवढं देऊन मोकळं होता आलं असतं, पण ते का खरं नाही हे मला इतकं आवडतं की जरा बसून लिहितोच.

आधी इंचांचं उरकून टाकू. खोक्यावर लिहिलेले इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. १३.३ आणि १५.६ मध्ये फरक २.३ इंचांचा, म्हणजे कर्णात १७ टक्के. पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, ते जवळजवळ ३८ टक्के जास्त होतं. १४ आणि १५.६ मध्ये हाच फरक २४ टक्क्यांचा. नेहमीच्या १६:९ आकारातला (रुंदी १६ भाग तर उंची ९) १५.६ इंची स्क्रीन साधारण ३४.५ सेमी रुंद आणि १९.४ सेमी उंच असतो, १४ इंची ३१ सेमी रुंद आणि १७.४ सेमी उंच. उंचीत फक्त २ सेमीचा फरक, हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता खरी गंमत. डोळ्याला सेंटिमीटर कळत नाहीत. डोळ्याला कळतो फक्त कोन. वस्तूच्या दोन टोकांपासून निघालेले किरण डोळ्यात शिरताना एकमेकांशी जेवढा कोन करतात तेवढीच त्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. पूर्ण चंद्र ३,४७४ किलोमीटर व्यासाचा, पण आकाशात त्याचा कोन जेमतेम अर्धा अंश, आणि ६० सेमीवर धरलेली ५ मिमीची टिकलीही अर्धाच अंश. रेटिनाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. म्हणून १५.६ इंची स्क्रीन ६० सेमीवरून बघा नाहीतर १४ इंची ५४ सेमीवरून, रेटिनावर पडणारं चित्र त्याच मापाचं. सहा सेंटिमीटर पुढे सरकलात की दीड इंच वसूल.

मग बारीक किती दिसतं? रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहा, ट्रॉलर बाहेर निघतात. जवळ असताना त्यावरचे दोन दिवे वेगवेगळे दिसतात, बोट लांब जात जाते आणि एका ठिकाणी दोन्ही दिव्यांचा एकच ठिपका होतो. चांगल्या डोळ्याची ही हद्द साधारण १ आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. दोन दिव्यांत १ मीटर अंतर असेल तर हा कोन साधारण साडेतीन किलोमीटरवर येतो (रात्रीच्या अंधारात बाहुली मोठी होते, दिव्याला झळाळी येते, त्यामुळे प्रत्यक्षात अलीकडेच मिसळतात, पण हिशोब हाच). डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात ती नजर म्हणजे हीच १ आर्कमिनिटवाली.

ही हद्द एकच मिनिट का, अर्धं का नाही? याचं उत्तर रेटिनाच्या बांधणीत आहे. रेटिनावर दोन प्रकारच्या पेशी असतात, अंधारात काम करणाऱ्या दंड पेशी ९ कोटींच्या वर आणि उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकू पेशी साधारण ६० लाख. हे ६० लाख शंकू सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. बरोबर मध्यावर फोव्हिया नावाचा एक लहानसा खड्डा आहे, तिथे ते असे दाटीवाटीने बसलेत की एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते, एकापासून दुसरा जेमतेम अडीच मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रेटिनावर १ अंश म्हणजे सुमारे ०.२९ मिमी, त्याला साठने भागा, १ आर्कमिनिट म्हणजे ४.८ मायक्रॉन, म्हणजे बरोबर दोन शंकूंची जागा. आणि दोनच का लागतात तर दोन ठिपके "दोन" म्हणून कळायला एका शंकूवर उजेड, शेजारच्यावर कमी, त्याच्या पलीकडच्यावर परत उजेड असा मधे एक तरी खंड पडावा लागतो. तो खंड नाही पडला तर मेंदूकडे "एकच ठिपका आहे" असा निरोप जातो. समुद्रावरचे दिवे एक होतात ते या अडीच मायक्रॉनमुळे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हापासून कुठलाही स्क्रीन बघितला की हाच हिशोब डोक्यात सुरू होतो.

तर करूच. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, म्हणजे ज्यांनी चित्र बनतं ते बारीक ठिपके. १५.६ इंचात ते पसरले की एक पिक्सेल ०.१८ मिमीचा, १४ इंचात ०.१६ मिमीचा. ६० सेमीवर १ आर्कमिनिट म्हणजे ०.१७५ मिमी. बघा, पिक्सेल आणि डोळ्याची हद्द जवळपास बरोबरीला आले! म्हणजे नेहमीच्या अंतरावर बसलं तर फुल एचडीचे ठिपके १४ इंचावर सुटे दिसत नाहीत, १५.६ वर अगदी काठावर. पण स्वस्तातला १३६६ बाय ७६८ चा १५.६ इंची घेतलात तर पिक्सेल ०.२५ मिमीचा, जवळजवळ दीड आर्कमिनिट, अक्षराच्या कडा दातेरी दिसणार. असे लॅपटॉप जुन्या बाजारात अजून भरपूर फिरतायत आणि "मोठा स्क्रीन" म्हणूनच विकले जातायत. मोठा आणि खरबरीत यापेक्षा लहान आणि स्वच्छ कधीही बरा.

मराठी वाचणाऱ्याला हे जास्त जाणवतं. ब आणि व मध्ये फरक काय, पोटातली एक तिरकी रेघ. ष आणि प मध्येही तेच. लहान अक्षरात ती रेघ एखाद-दोन पिक्सेलची उरते. त्यात आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, यांना जागा द्यायची म्हणून त्याच फॉन्ट साइजला मधलं अक्षर आणखी लहान काढावं लागतं. "राष्ट्र" किंवा "सूक्ष्म" १० पॉइंटमध्ये टाइप करून बघा आणि शेजारी त्याच साइजमध्ये इंग्रजी लिहा. इंग्रजीसाठी पुरतो तो स्क्रीन मराठीला पुरेलच असं नाही.

फोव्हियाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अगदी लख्ख दिसतं ते मधल्या साधारण २ अंशांतच. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा, त्याची रुंदी सुमारे २ अंश. ६० सेमीवर हे होतात २ सेमी. म्हणजे स्क्रीन १३ इंची असो की १७ इंची, कुठल्याही क्षणी तुम्हाला नीट दिसतोय तो अंगठ्याएवढा तुकडा, बाकी सगळं धूसर. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता चार-पाच शब्द पुढचा वाचायचा प्रयत्न करा. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून आख्खं पान दिसल्यासारखं भासवतो. त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर "जास्त स्पष्ट दिसतं" असं काही नसतं. त्याचा फायदा वेगळा, एका बाजूला एक्सेल आणि दुसऱ्या बाजूला बिलाचा फोटो उघडा राहतो, नुसती नजर फिरवली की झालं. लहान स्क्रीनवर खिडकी बदलावी लागते, आणि बदलेपर्यंत आकडा डोक्यातून उडून जातो.

पण हा फायदाही आपोआप मिळत नाही. दोन्हीकडे फुल एचडी असेल तर पिक्सेल तेवढेच, २० लाख ७३ हजार ६००. मोठ्या स्क्रीनवर तेच सगळं मोठं दिसतं, जास्त काही मावत नाही. जास्त कधी मावतं? तर सेटिंगमधलं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-खिडक्या किती पट मोठ्या दाखवायच्या ते, कमी ठेवता आलं तर. १४ इंचावर अक्षरं बारीक वाटली म्हणून १५० टक्के केलंत की कामाला जागा उरते १२८० बाय ७२० एवढीच, १५.६ वर १२५ टक्क्यांनी भागलं तर १५३६ बाय ८६४. इंचांची खरी किंमत इथे वसूल होते.

आता वहिनींच्या घरातल्या भांडणाकडे येऊ, कारण बाप आणि मुलगा दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. जवळचं बघायला डोळ्यातलं भिंग फुगावं लागतं, ते काम भिंगाभोवतालचा सिलिअरी स्नायू करतो, आणि ही ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. अंतर मीटरमध्ये घेऊन १ ला त्याने भागायचं, म्हणजे ५० सेमीला २ डायॉप्टर, मोबाइल ३० सेमीवर धरला तर ३.३. वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. एक साधं जुनं सूत्र आहे, १८.५ वजा वयाच्या ०.३ पट, ही झाली सरासरी ताकद. अठराव्या वर्षी १३ डायॉप्टर. पन्नाशीला ३.५. आणि तासन्‌तास वाचायचं तर त्यातली निम्मीच वापरावी असा अंदाज धरतात. मुलाला ४५ सेमीवर बसायला २.२ लागतात, त्याच्याकडे साडेसहा आरामात आहेत. बाबांकडे १.७५, म्हणजे बिनचष्म्याचं त्यांचं आरामाचं अंतर ५७ सेमी, त्याच्या अलीकडे डोळे ताणणारच.

४५ चे ५७ झाले की तोच कोन मिळवायला सगळं सव्वापट मोठं हवं. मुलाला ४५ सेमीवर १३.३ इंची जेवढा दिसतो तेवढाच बाबांना ५७ सेमीवर दिसायला जवळपास १७ इंची लागेल! म्हणजे वाद स्क्रीनचा नाहीच, वयाचा आहे.

यावर चाळिशीचा चष्मा आहे की, असं कोणी म्हणेल. पण वाचायचा चष्मा बहुतेक ४० सेमीच्या अंतराला बेतून देतात, पुस्तक हातात धरतो ते अंतर. लॅपटॉप त्याच्या मागे असतो, म्हणून माणूस पुढे वाकतो, आणि बायफोकल असेल तर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करतो, मग मान धरते. चष्म्याच्या दुकानात जाताना घरी पट्टीने आपलं स्क्रीनचं अंतर मोजून न्या आणि तो आकडा तपासणाऱ्याला सांगा, त्या अंतराचा नंबर काढून देतात. नवीन लॅपटॉपपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

त्या फॉरवर्डमध्ये दाणाभर तथ्य असेल तर ते अंतरातच आहे. लहान स्क्रीनवर अक्षर बारीक ठेवलं की मूल नाक लावून बसतं, आणि तासन्‌तास जवळचंच काम व बाहेर उजेडात खेळणं बंद, याचा संबंध मायनस नंबर वाढण्याशी दिसून आलाय. त्यावर उपाय अक्षर मोठं करणं आणि रोज तास-दोन तास पोराला अंगणात, खळ्यात, किनाऱ्यावर सोडणं. तो उजेड १५.६ इंची पॅनेलमधून मिळत नाही. आणि लॅपटॉपच्या मागे चिकटवायच्या "रेडिएशन शोषणाऱ्या" चिपा, स्टिकर जे यात्रेपासून ऑनलाइनपर्यंत विकले जातात ते शुद्ध फसवणूक आहे, एलसीडी पॅनेलमधून क्ष-किरण येतच नाहीत तर ते शोषणार काय. निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्याच्या ब्लू-कट काचांचंही तसंच. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र करून तपासल्या, डोळ्यांचा ताण कमी होण्यात त्या काचांनी बहुधा काही फरक पडत नाही असंच निघालं. स्क्रीनपुढे डोळे थकतात त्याचं एक मोठं कारण, आपण पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो आणि बुब्बुळ कोरडं पडतं. पापण्या मिटायला पैसे लागत नाहीत.

बाकीचं पटकन सांगतो. रोज एसटीने किंवा पॅसेंजरने जाणाऱ्या मुलाला १.३ किलो आणि १.८ किलो यात फरक पडतो, त्यात छत्री, डबा आणि पावसात बॅगेवर घालायचं प्लास्टिक आलंच. १५.६ वर बहुतेकदा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड मिळतो, पेट्यांचे हिशोब करणाऱ्याला तो सोन्यासारखा, पण त्यामुळे बाकीची बटणं डावीकडे सरकतात आणि खूप टायपिंग करणारा तिरका बसतो. तेवढाच उजेड ठेवायचा तर १५.६ च्या पॅनेलला १४ पेक्षा २४ टक्के जास्त क्षेत्र उजळावं लागतं, म्हणून बॅटरी किती वॅट-अवरची आहे ते बघा, पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पडवीत बसून काम करायची सवय असेल तर २५० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) चकचकीत पॅनेल घेऊ नका, समोरचं आभाळच त्यात दिसेल, ३०० च्या वरचा मॅट घ्या.

आणि सुरुवातीचे ते उंचीचे २ सेमी. १४ इंचात आता १६:१० आकाराचे स्क्रीन सहज मिळतात, १९२० बाय १२०० चे. त्यांची उंची १८.८ सेमी, म्हणजे १५.६ च्या १९.४ पेक्षा फक्त ६ मिमी कमी, आणि उभे पिक्सेल उलट १२० जास्त. वरखाली मात्रा-उकार घेऊन चालणाऱ्या आपल्या ओळींना रुंदीपेक्षा उंचीच लागते.

वहिनींना मी हाच सांगितला, १४ इंची १६:१०, मुलासाठी. आणि घरी टेबलावर एक २४ इंची फुल एचडी मॉनिटर, हिशोबासाठी. त्याचा पिक्सेल ०.२८ मिमीचा, म्हणजे ७० सेमीवर बसलं तरी सव्वा आर्कमिनिटाच्या वर, बारीक नजरेला जरा जाडाभरडा वाटेल, पण बाबांची मान सरळ राहील आणि ७० सेमीला लागतात फक्त १.४ डायॉप्टर, तेवढे त्यांच्याकडे आहेत. फक्त मॉनिटरला स्वतःची बॅटरी नसते, तेव्हा वीज गेली की हिशोब परत १४ इंचावर.