हिंदी सैनिकांची युद्धपत्रे (पहिले महायुद्ध)

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी (म्हणजे भारतीय) सैनिकांचा गावाकडच्या माणसांशी झालेला पत्रव्यवहार. हिंदी फौज सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरू लागली. तीत पंजाब, गढवाल, नेपाळ आणि वायव्य सरहद्दीकडच्या शेतकरी घरांतले तरुण बहुसंख्य होते. मार्च १९१५ च्या सुमारास ते आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे धाडत.

बहुतेकांना लिहिता येत नसे. पलटणीतला एखादा शिकलेला सोबती मजकूर उतरवून घेई. गावातही कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवी. मधे फ्रान्समधल्या बुलोन बंदरातली लष्कराची टपाल तपासणी कचेरी होतीच; तिथे पत्रे उघडून वाचली जात. नवऱ्याचे पत्र बायकोच्या कानी पडेपर्यंत अर्ध्या गावाचे झालेले असे.

साहजिकच मजकुराला एक वळण पडले. आधी थोरामोठ्यांना नावानिशी नमस्कार. मग पाऊस, पीक, गुरे, सावकाराचे देणे आणि जमिनीचा चालू असलेला दावा. युद्धापेक्षा शेताबद्दल लिहिणे बिनधोक होते, पण तेवढेच कारण नव्हते. घरचा कर्ता खंदकात असला तरी कर्ताच होता. पुरुषमाणसे आघाडीवर गेलेली असताना फ्रेंच बायका शेते कसतात, याचे नवल अनेकांनी कळवले. काहींनी त्याच ओघात मुलींना शाळेत घाला असेही लिहिले.

लढाईचे वर्णन करतानाही शब्द शिवारातलेच येत: कापून टाकलेल्या पेंढ्यांसारखी पडलेली प्रेते. जे उघड लिहिता येत नसे ते आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली म्हटले की हिंदी शिपाई मरून संपत चालले हे जाणत्याने समजावे आणि धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नये. तपासनिसांना ही भाषा उमगत होती. त्यांच्या अहवालांत तिची नोंद आहे.

हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तपासनीस निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडत आणि मूळ पत्र बहुधा पुढे पाठवत. पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) हलले. घोडदळ १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये राहिले. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्यामुळे या संग्रहात मराठी घरांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. गावी पोचलेले मूळ कागद तर फारच थोडे टिकले.