हाडाचा कर्करोग किंवा हाडातला संसर्ग: उपचाराच्या मंजुरीची फाइल परत का येते?

विम्याच्या पूर्वमंजुरीची किंवा मदतनिधीची फाइल परत आली की घरचे आधी ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा तपासायला बसतात. ते बहुतेक वेळा ठीकच असतात. अडलेलं असतं बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी हाडाचा तुकडा काढण्याच्या दिवशी, आणि त्या दिवशी जे राहून गेलं ते नंतर कुठल्याही खिडकीवर मिळत नाही.

नेहमीच्या गोष्टी एका दमात सांगतो. निदान पक्कं हवं, मागितलेला उपचार योजनेत बसायला हवा, रुग्णालय त्या योजनेशी जोडलेलं हवं. ओळखपत्र, बँकेचे तपशील, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडायचं आणि रुग्णाचं नाव सगळीकडे एकसारखं लिहायचं.

आता ‘पक्कं निदान’. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘ऑस्टिओसार्कोमाची (हाडाच्या एका कर्करोगाची) शक्यता’ असं लिहिलं असेल तर तेवढ्यावर मंजुरी मिळत नाही. याबद्दल मी मंजुरी देणाऱ्या समितीला दोष देणार नाही. इविंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगात ताप येतो, सूज येते, रक्तातला ईएसआर (दाह दाखवणारी चाचणी) वाढतो, सगळं संसर्गासारखंच. उलट हाडातला जुनाट संसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, फिल्मवर गाठीसारखा दिसू शकतो. म्हणून हाडांच्या डॉक्टरांमध्ये जुना नियम आहे: गाठ वाटली तरी कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) लावा, संसर्ग वाटला तरी बायोप्सी करा. फाइलमध्येही हे दोन्ही रिपोर्ट असले की निम्म्या क्वेरी, म्हणजे समितीच्या शंका, येतच नाहीत.

कल्चरचा रिपोर्ट मात्र कुणाकडेच नसतो. कारण साधं आहे: काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) डबीत जातो. पॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, फॉर्मलिन लागतं, पण त्यात जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? कल्चरसाठीचा भाग फॉर्मलिन नसलेल्या निर्जंतुक डबीत वेगळा जावा लागतो. बायोप्सीला आत नेण्याआधी ‘नमुना दोन्हीकडे जाणार ना?’ एवढं विचारा. विचारायला लाजू नका. शिरेतून सहा आठवडे द्यायच्या अँटिबायोटिकची मागणी आणि सोबत जंतूचं नावच नाही, अशा फाइली मी ढिगानं पाहिल्या आहेत.

दुसरी अडचण ‘नो ग्रोथ’ची. आधीपासून अँटिबायोटिक चालू असेल तर जंतू असूनही कल्चरमध्ये वाढत नाहीत. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर बायोप्सीआधी काही दिवस, बरेचदा दोन आठवडे, औषध थांबवतात. तो निर्णय त्यांचाच, घरी बसून औषध बंद करू नका. औषध चालू असतानाच नमुना घ्यावा लागला असेल तर डॉक्टरांच्या पत्रात तसं एक वाक्य लिहून घ्या. हाडाच्या क्षयाचा संशय असेल तर कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तोवर अंतरिम रिपोर्ट आणि क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी झाली असल्यास तिचा निकाल जोडा, अर्ज थांबवू नका.

मोठ्या केंद्रात गेलात की स्लाइड आणि ब्लॉक मागतात. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा पाहतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला मूळ नमुना. तो पुन्हा तयार होत नाही, म्हणून देताना-घेताना पावती घ्या आणि त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवा. टणक हाडातला कॅल्शियम काढल्याशिवाय काप घेता येत नाहीत, त्यामुळे रिपोर्टला इतर बायोप्सींपेक्षा जास्त दिवस लागतात. रोज लॅबमध्ये जाऊन भांडलात तरी ते कमी होत नाहीत.

एमआरआय बायोप्सीच्या आधीचा हवा, नंतरच्या सुजेनं आणि रक्तानं चित्र गढूळ होतं. त्यात पूर्ण हाड दिसायला हवं, नुसती गाठ नको. मोबाइलवर काढलेले फिल्मचे फोटो कुणी पाहत नाही, सीडी द्या. बायोप्सी शक्यतो पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमकडूनच करून घ्या. सुईचा मार्गही गाठीबरोबर काढावा लागतो. चुकीच्या जागी छेद गेला तर वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. ही चूक कुठल्याही अर्जानं दुरुस्त होत नाही.

केसपेपरवरची एक ओळही घात करते. मूल खेळताना पडतं, गुडघा दुखायला लागतो, एक्स-रेत गाठ दिसते, आणि ‘पडल्यामुळे दुखणं’ अशी नोंद होते. पडल्यानं कर्करोग होत नाही, पडल्यामुळे तो फक्त लक्षात येतो. पण खिडकीवरचा माणूस ती ओळ वाचतो, अपघाताचा रकाना भरतो आणि पोलिसांचा कागद मागतो! नोंद डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. आजाराचा कोडही पाहून घ्या. हातापायाच्या हाडातच सुरू झालेल्या कर्करोगाला सी४०, इतर हाडांच्या कर्करोगाला सी४१, दुसरीकडून हाडात पसरलेल्याला सी७९.५, ऑस्टिओमायलायटिसला एम८६. कोड चुकला की फाइल भलत्याच टेबलावर जाते.

मुदत मात्र शिकलेली माणसंही चुकीची वाचतात. मंजुरीची मुदत बहुधा मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, भरती झाल्यापासून नाही. ऑस्टिओसार्कोमात आधी साधारण दहा आठवडे केमो आणि मग ऑपरेशन. पहिल्याच दिवशी ऑपरेशनची मंजुरी काढून ठेवलेल्यांची मुदत ऐन वेळी संपते. केमोची मंजुरी आधी घ्या, ऑपरेशनची मंजुरी तारीख जवळ आल्यावर वेगळी. मापाचा कृत्रिम सांधा बनवून घ्यायचा असेल तर त्याची ऑर्डर आणि अंदाजपत्रक मात्र केमो चालू असतानाच मार्गी लावा.

सुट्टी मिळायच्या आधी दोन गोष्टी हातात घ्या. बसवलेल्या इम्प्लांटचे स्टिकर, कारण त्यांच्याशिवाय बिल पास होत नाही. आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, ज्यात केमोनं किती टक्के पेशी मेल्या ते लिहिलेलं असतं. तो सुट्टीच्या दिवशी तयार नसला तर कधी येईल ते लिहून घ्या. पुढच्या केमोच्या मंजुरीला पहिली क्वेरी त्याचीच येते.