पोलीस-मालिकाचर्चा, ग्वाल्हेर

पोलीस-मालिकाचर्चा : लाचखाऊ किंवा थेट गुन्ह्यात सामील असलेला पोलीस अधिकारी ज्यांच्या केंद्रस्थानी असतो, अशा दूरचित्रवाणी मालिकांवर प्रेक्षकांनी भागाभागाने केलेला खल. ही नोंद ग्वाल्हेरच्या, त्यातही लष्कर भागातल्या मराठी घरांपुरती आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. वाड्याचा हिंदीत ‘महाराज बाडा’ झाला, तशी भोवतालच्या गल्ल्यांत राहणाऱ्या मराठी माणसाची पोलिसी शब्दसंपदाही निम्मी बदलली. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक ज्याला पीआय म्हणेल त्याला इथे ‘टीआय’ म्हणतात. पोलीस ठाण्याला ‘थाना’, शिपायाला सरकारी कागदात ‘आरक्षक’. निलंबित न करता ठाण्यावरून काढून पोलीस लाइनीत बसवलेला अधिकारी ‘लाइन हाजिर’ झालेला असतो. या शेवटच्या शब्दाचे काम पुढे पडणार आहे.

जुन्या पिढीच्या तोंडी मात्र मालिकेतला असा अधिकारी, मग तो लॉस एंजेलिसचा असो वा इंग्लंडातल्या कुठल्याशा अनाम शहराचा, सरळ ‘कोतवाल’ असतो. शहरातल्या एका ठाण्याच्या नावात कोतवाली अजून आहे, त्यामुळे शब्द जिवंत राहिला असावा. बाहेरच्यांना तो नाटकी वाटतो. ग्वाल्हेरइतका या शब्दावर हक्क सांगणारे दुसरे शहर मात्र क्वचितच सापडेल.

‘कोतवाल’ची व्युत्पत्ती : याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार शब्द मुळात तुर्की किंवा फारसी असून मुसलमानी राजवटीबरोबर इकडे आला. अकराव्या शतकातल्या गझनीच्या दरबाराचा वृत्तांत लिहिणाऱ्या बैहकीच्या फारसी ग्रंथात कोतवाल हा किल्ल्याचा अधिकारी म्हणून येतो, हा या पक्षाचा मुख्य आधार. दुसऱ्या मतानुसार मूळ संस्कृत ‘कोट्टपाल’, म्हणजे कोटाचा रक्षक. या पक्षाचा पुरावा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच कोरलेला आहे. किल्ल्याच्या चढणीवरील चतुर्भुज मंदिर या एकाच खडकातून कोरून काढलेल्या लहानशा देवळात दोन शिलालेख आहेत, एक विक्रम संवत ९३२ चा आणि दुसरा ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७५-७६ च्या सुमाराचे. प्रतिहार राजा मिहिर भोज याने गोपगिरीवर, म्हणजे याच किल्ल्याच्या डोंगरावर, नेमलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या लेखात ‘कोट्टपाल’ म्हटले आहे. लेख प्रसिद्ध आहे तो वेगळ्याच कारणाने. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली २७० हात गुणिले १८७ हात जमीन आणि रोजचे ५० हार या आकड्यांत शून्य आजच्यासारखे गोल कोरलेले आहे. शून्य पाहायला लोक येतात. त्याच दगडावरच्या कोट्टपालाकडे सहसा कोणी बघत नाही.

काळाचा क्रम पाहता ग्वाल्हेरचा लेख बैहकीच्या पुष्कळ आधीचा आहे. एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण सारखे दिसणारे दोन शब्द स्वतंत्रपणेही निपजू शकतात, आणि तुर्की पक्षाचे अभ्यासक हेच म्हणतात. पण ध्वनिपरिवर्तनाची साक्ष अधिक बोलकी आहे. ‘कोट्टपाल’चा प्राकृतातून ‘कोटवाल’ होणे नियमाला धरून आहे. फारसीत मूर्धन्य ट नाही. तिथे गेलेल्या ‘कोटवाल’चा ‘कोतवाल’च होणार. दरबारी भाषेतून तो मराठीत आला तो दंत्य त घेऊन. उलट मध्य प्रदेशातल्या खेड्यात गावचा पहारेकरी आजही ‘कोटवार’ आहे, म्हणजे दरबारात न गेलेल्या शब्दाने आपला ट राखला. प्रस्तुत नोंदकर्त्याला दुसरे मत अधिक पटते. महाराष्ट्रात हाच कोतवाल तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार झाला, आणि मराठी पक्षिनामांतही तो आहे. दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्या घरट्याच्या आसपास फिरकणाऱ्या कावळ्या-घारींवर तुटून पडणारा काळा पक्षी तो कोतवाल. तो कधीकधी दुसऱ्याच्या चोचीतला घासही पळवतो, हे नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात होते की नाही कोण जाणे.

शब्द मुद्दाम विस्ताराने घेतला, कारण चर्चेतला निम्मा वाद त्याच्याभोवती फिरतो. कोतवालाचे काम रक्षणाचे की वसुलीचे? अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तला कोतवाल रात्रीची गस्त घालतो, घरांची नोंद ठेवतो, वजनेमापे तपासतो आणि चोरीचा माल सापडला नाही तर स्वतः जबाबदार ठरतो. मराठी आठवणीतला कोतवाल मात्र पुण्याचा घाशीराम सावळादास. त्याच्या कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि ऑगस्ट १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. त्याच्यावर मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये पुस्तक लिहिले, १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक आले. तेंडुलकरांनीच लिहिलेल्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटातला फौजदार वेलणकर कोठडीतल्या संशयिताला मारून टाकतो, आणि तोही मराठी आहे. परदेशी मालिकेतला पोलीस पाहून ग्वाल्हेरचा म्हातारा ‘हा तर घाशीराम’ म्हणतो, ते या वारशातून.

मालिका : चर्चेत दोन नावे फिरून फिरून येतात. पहिली अमेरिकी ‘द शील्ड’, १२ मार्च २००२ ते २५ नोव्हेंबर २००८, सात पर्वे, ८८ भाग, निर्माता शॉन रायन. लॉस एंजेलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागातील टोळीविरोधी पथकाचे प्रकरण १९९० च्या दशकाच्या अखेरीस उघडकीस आले, त्यावरून ती सुचली. त्या प्रकरणात ७० हून अधिक पोलिसांवर ठपका आला होता आणि शंभरावर शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मालिकेचा नायक व्हिक मॅकी पहिल्याच भागाच्या शेवटी, आपल्या पथकाची आतून माहिती काढायला आलेल्या सहकाऱ्याला गोळी घालतो. दुसरी ब्रिटिश ‘लाइन ऑफ ड्युटी’ (२०१२–२०२१, सहा पर्वे, लेखक जेड मर्क्युरिओ). तिच्यात पोलिसांचाच तपास करणारे एसी-१२ हे काल्पनिक पथक आहे. तिच्या नावातली ‘लाइन’ ग्वाल्हेरात थेट पोलीस लाइनीशी जोडली जाते, आणि हा विनोद प्रत्येक घरात नव्याने होतो. देशी मालिकांचे स्थान चर्चेत दुय्यम आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ घरोघर पाहिली गेली आणि शिवाजी साटमांमुळे ती आपलीही वाटली, पण तिच्यातले पोलीस सज्जन, त्यामुळे भांडायला फारसे काही नाही.

चर्चेची प्रथा साधारणपणे २०१० नंतरची असावी. २०२० च्या टाळेबंदीत ती वाढली असे मानायला जागा आहे. त्या काळात तीन पिढ्या एकाच पडद्यापुढे बसल्या. मुले इंग्रजी ऐकतात, मधली पिढी उपशीर्षके वाचते, आणि म्हाताऱ्यांना मधूनमधून सांगावे लागते. सांगता सांगताच भाषांतर होते: ‘इंटर्नल अफेअर्स’ म्हणजे ‘विभागीय जांच’, ‘वॉरंट’ तसेच राहते, आणि ‘इन्फॉर्मंट’चा ‘मुखबिर’ होतो. ‘खबऱ्या’ हा महाराष्ट्रातला शब्द इथे समजतो, पण वापरला जात नाही.

दौलतगंजातल्या एका वाड्याच्या ओसरीवर ‘द शील्ड’च्या शेवटच्या भागावर झालेला वाद नोंदकर्त्याने ऐकला आहे. मॅकी आपले सगळे गुन्हे केंद्रीय यंत्रणेपुढे कबूल करतो, पण त्याआधी माफीच्या करारावर सही झालेली असते. शिक्षा म्हणाल तर कोट-टाय घालून टेबलावर बसायचे आणि अहवाल लिहायचे.

‘काका, त्याला काहीच झालं नाही हो. खुर्चीवर बसवला फक्त.’

‘अरे, म्हणजे लाइन हाजिरच केला की!’

‘लाइन हाजिर झालेला टीआय सहा महिन्यांत दुसऱ्या थान्यावर येतो. हा कुठे येतोय? ह्याची तर गाडीच गेली, गँग गेली.’

‘मग तीच सजा. रस्त्यावरच्या माणसाला खुर्ची म्हणजे जेलच.’

आतून काकूंचा आवाज आला, ‘आणि ते पोर? त्या लहान पोराचं कोणीच बोलत नाही.’ मॅकीचा साथीदार शेन पकडला जाण्याआधी बायकोला आणि मुलाला विष देऊन स्वतःवर गोळी झाडतो, त्याविषयी त्या बोलत होत्या. ओसरीवर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग कोणीतरी चहाचे विचारले.

‘लाइन ऑफ ड्युटी’वरचा वाद बहुतेक ‘एच’चा असतो. वरिष्ठांमध्ये लपलेला गुन्हेगारांचा हस्तक या अक्षराने ओळखला जातो, आणि त्याचा शोध अनेक पर्वे चालतो. मरणाऱ्या एका भ्रष्ट अधिकाऱ्याचा हात टिचक्या मारतो, त्याचा पुढे मोर्स लिपीतली चार टिंबे असा अर्थ लावला जातो. मोर्समध्ये चार टिंबे म्हणजे एच, पण इथे ती चार माणसेही ठरतात. चौथा माणूस निघतो तो बकल्स, सर्वांनी ज्याला नुसता ढिला, कामचुकार अधिकारी समजले तो. २ मे २०२१ चा तो भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी २८ लाख लोकांनी पाहिला आणि पुष्कळांचा विरस झाला. ग्वाल्हेरात मात्र या उत्तराला बऱ्यापैकी पाठिंबा मिळतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकण्याची वाट पाहिली आहे, त्याला खलनायक हुशार असावाच लागत नाही.

कायदेशीर बाजू : सर्वाधिक गैरसमज कबुलीजबाबाविषयी होतात. ब्रिटिश मालिकेत टेबलावरच्या यंत्राचा लांबलचक सूर वाजतो, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे जबाब चालतो आणि तोच निर्णायक ठरतो. इथले प्रेक्षक विचारतात, आपल्याकडे असे का नाही? भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नव्हती, आणि कलम २६ नुसार कोठडीतली कबुली दंडाधिकाऱ्यापुढे दिली तरच चालत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ही तरतूद कायम आहे. कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणजे पोलिसांवर अविश्वास इथे कायद्यातच लिहिलेला आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या सात निर्देशांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणही होते. एसी-१२ विषयी बोलताना एखादा वकील त्याचा उल्लेख करतोच.

चंबळ जवळ असल्याचाही परिणाम होतो. या पट्ट्यात डाकूला ‘बागी’ म्हणण्याची रीत आहे, आणि बागीच्या बहुतेक कहाण्यांची सुरुवात जमिनीच्या भांडणाने किंवा थान्यातल्या अन्यायाने होते. १९६० मध्ये विनोबांपुढे, १९७२ मध्ये जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने आणि १९८३ मध्ये भिंड येथे फूलनदेवीची, अशा शरणागती झाल्या. तीनही वेळा शस्त्रे पोलिसांपुढे न ठेवता दुसऱ्या कोणापुढे ठेवली गेली, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. मॅकीविषयी या भागात जी सहानुभूती दिसते तिची मुळे काहीजण इथे शोधतात. नोंदकर्त्याला ते ओढूनताणून वाटते. बागी थान्याबाहेरचा, मॅकी थान्यातला.

प्रत्यक्ष लाचेच्या दृश्यांवर मात्र इथला प्रेक्षक हटकून नाराज असतो. वर्तमानपत्रांतून त्याच्या मनात सापळ्याचे चित्र पक्के बसलेले आहे. तक्रारदाराच्या नोटांना फिनॉफ्थेलीनची पांढरी पूड लावतात, नोटांचे क्रमांक पंचांसमोर लिहून घेतात, आणि अधिकाऱ्याने त्या हातात घेतल्या की त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. पाणी गुलाबी होते. परदेशी मालिकांत पैसे पाकिटातून, डिकीतून, बँकेतून जातात आणि पाणी कुठेच येत नाही. ‘रंगे हाथ’ हा हिंदी शब्दप्रयोग फिनॉफ्थेलीनपेक्षा जुना असावा, तरी तो त्याच्यावरूनच आला असे ओसरीवर ठासून सांगितले जाते. नुसता रंग पुरेसा नसतो, लाच मागितल्याचेही सिद्ध व्हावे लागते; तक्रारदार फिरला तर मागणी परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी ठरवले आहे. गुलाबी पाणी पंचांच्या सह्यांसह बाटलीत मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतात. उघडे राहिले तर त्याचा रंग हळूहळू फिका पडतो, म्हणून बूच घट्ट लावून वर लाख ओततात.